आईचं नाक आणि कोळशाची पुरचुंडी

आमच्या घरी माशांची टाकी आली ती हौसेपोटी नाही, भिडेपोटी. वरच्या मजल्यावरचं कुटुंब दहिसरला नव्या टॉवरमध्ये राहायला गेलं आणि जाताना दोन फुटांची काचेची टाकी, तिचं स्टँड, एक लाकडाचा ओंडका आणि नऊ मासे आमच्या दारात ठेवून गेलं. "तुम्ही दोघीच असता, तेवढीच सोबत," त्या बाई म्हणाल्या. दोघी म्हणजे मी आणि आई. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आई घर चालवते आणि मलाही चालवते. सोबत कमी पडते असं आम्हा दोघींपैकी कुणीही कधी म्हटलं नव्हतं, पण तोंडावर नाही म्हणणं आईला जमलं नाही. दार लावल्यावर मात्र ती टाकीकडे बघून म्हणाली, "खायचे नाहीत असले मासे घरात ठेवून करायचं काय?"

आई मालवणकडची. लग्न होऊन विक्रोळीला आली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. एरवी ती मुंबईची मराठी बोलते, पण राग आला किंवा जीव भरून आला की मालवणी बाहेर येते.

तिचं नाक ही आमच्या बिल्डिंगची सार्वजनिक मालमत्ता होती. दूध संध्याकाळपर्यंत टिकेल की आताच आटवून टाकावं, खोबरेल तेल खवट झालंय का, लोणच्याच्या बरणीला बुरशी धरायला लागली का, असल्या प्रश्नांसाठी बायका वाटी हातात घेऊन आमच्याकडे यायच्या. "काकू, जरा वास बघता?" आई डोळे मिटायची, वाटी नाकाखालून एकदाच फिरवायची आणि निकाल द्यायची. त्यावर अपील नसे. एका दुपारी ती जिन्यात थबकली आणि दुसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी गॅस गळतोय म्हणाली. कुणालाच वास येत नव्हता. शोधल्यावर एका घरात शेगडीची रबरी नळी चिरलेली सापडली. तेव्हापासून आमचा वॉचमनसुद्धा तिला उठून नमस्कार करायचा. मी बाहेर काय खाऊन आले हे तर ती मी चपला काढायच्या आत सांगायची, आणि पन्नाशीला टेकलेल्या बाईला ते किती चिडचिड आणणारं असतं हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

टाकीचंही तेच झालं. पहिल्याच आठवड्यात तिनं झाकण उचलून आत नाक घातलं. "विहिरीसारखा वास आहे. चांगलं आहे पाणी." पुढे रोज सकाळी चहा झाला की हा कार्यक्रम सुरू झाला. मी शास्त्राची माणूस, त्यामुळे मी पाणी तपासायची बाटली आणली होती. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. पाण्यात अमोनिया वाढला की रंग हिरवा होतो. पण आई म्हणायची "आज पाणी बदल", आणि माझी नळी हिरवी व्हायची दुसऱ्या दिवशी. असं तीन-चारदा झाल्यावर मी नळी तिच्यासमोर काढायची बंद केली.

हळूहळू ती त्या माशांत गुंतली. "डबकं" म्हणायची ते बंद झालं. दाणे टाकताना त्यांच्याशी बोलायला लागली, आणि एक लांब शेपटीचा मासा बाकीच्यांना खाऊ देत नाही म्हणून त्याला दटावायलाही लागली. शुक्रवारी बांगडे तळताना मात्र ती टाकीवर टॉवेल टाकायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, "त्यांच्यासमोर कशाला?"

आमच्यात खरं बिनसलं ते कोळशावरून. टाकीतल्या ओंडक्यामुळे पाण्याला चहासारखा पिवळसर रंग यायचा आणि मला ते पाणी स्वच्छ, काचेसारखं हवं होतं. घाटकोपरच्या मासेवाल्या दुकानदारानं सांगितलं, "मॅडम, फिल्टरमध्ये कार्बन टाका, मग बघा, एकदम झकास." इंटरनेटवर चौकशी केली तर तिथे दोन पार्ट्या. एक म्हणते कार्बनशिवाय टाकी म्हणजे गटार. दुसरी म्हणते कार्बन म्हणजे निव्वळ फॅशन, रंग आणि वास जातो, बाकी काही नाही, आणि महिन्याभरात तो भरून निकामी होतो. दोन्ही पार्ट्या एकमेकांशी इतक्या तावातावानं भांडत होत्या की मला घरच्यासारखं वाटलं. मी कार्बनवाल्यांच्या बाजूची झाले. दरवर्षी वर्गात कोळशाच्या अंगभर असलेल्या बारीक छिद्रांवर धडा शिकवणाऱ्या बाईनं दुसरं काय करायचं?

जाळीच्या पिशवीत भरलेले काळे दाणे मी घरी आणले. आईनं पुरचुंडी हातात घेऊन दाबून बघितली. "कशाचा कोळसा आहे?"

"करवंटीचा."

"कसली करवंटी?"

"नारळाची. जाळून, मग त्याच्यावर प्रक्रिया करून..."

"तू करवंटी विकत आणलीस?" तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी शाळकरी झाले. "आमच्याकडे न्हाणीच्या चुलीत घालतात ती!" पुढचे दोन दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिनं ही बातमी दिली.

पण तिचा खरा आक्षेप वेगळा होता. मी पुरचुंडी फिल्टरमध्ये बसवली आणि चार दिवसांत पाणी निव्वळ काचेसारखं झालं. आईनं सकाळी झाकण उचललं, वास घेतला, पुन्हा घेतला. "काहीच येत नाही," ती म्हणाली.

"तेच तर! वास कोळशात अडकतो."

"आणि घाण?"

"थोडी तीही अडकते."

"सगळी?"

मी खोटं बोलू शकले असते, पण शिक्षकी आड आली. "सगळी नाही. अमोनिया तसाच राहतो."

"म्हणजे घाण टाकीतच राहणार, फक्त मला कळणार नाही," आई म्हणाली. "तोंड धुवायचं नाही आणि पावडर लावायची, त्यातलाच प्रकार."

मला राग आला. मी म्हटलं, आई, जगातल्या सगळ्या टाक्या काही तुझ्या नाकावर चालत नाहीत. तिनं टाकीचं झाकण धाडकन लावलं. तिसऱ्या आठवड्यात दोन मासे वर येऊन धापा टाकायला लागले. मी सगळं बाहेर काढलं तर ओंडक्याबरोबरच कधीतरी आलेली एक भली मोठी गोगलगाय त्याच्यामागे मरून सडलेली. बाहेर काढल्यावर तिचा असा वास सुटला की शेजारी खिडक्या लावायचा आवाज आला. टाकीत मात्र त्यातलं काहीच कळलं नव्हतं. मी पुरचुंडी काढून स्वयंपाकघराच्या खणात टाकली. मासे वाचले. आई मला काही बोलली नाही, बिल्डिंगला बोलली.

त्यानंतर वर्षभर टाकी आईच्या नाकावर चालली आणि उत्तम चालली. पाणी पिवळसर होतं. मला त्याची सवय झाली.

मागच्या दिवाळीनंतर आईला ताप आला. साधाच, सगळ्या विक्रोळीत पसरलेला. आठ दिवस अंथरुणात होती, मग उठली. अशक्तपणा होता, जेवण कमी झालं होतं. वय झालं, होणारच, असं मी म्हटलं. डिसेंबरात एका सकाळी ती चहाचा कप ठेवत म्हणाली, "तुझा तो कोळसा टाक परत. पाणी पिवळं दिसतं, बरं नाही वाटत."

आयुष्यात आईशी घातलेल्या वादात मी पहिल्यांदा जिंकत होते. का म्हणून विचारावं, तेवढंही सुचलं नाही. त्याच दिवशी घाटकोपरला जाऊन ताजी पुरचुंडी आणली आणि येताना स्वतःसाठी जिलेबी घेतली. मी घरात शिरले तेव्हा आई जिलेबीबद्दल काहीच बोलली नाही. तेही माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात यायला हवं होतं असं बरंच काही होतं. ती गॅसचं बटण एकदा बंद करून पुन्हा दोनदा हात लावून बघायची. दूध उतू जाऊन करपलं तरी ती शेजारच्या खोलीत शांत बसलेली असायची. कुणी वाटी घेऊन आलं की तिचं डोकं दुखायचं. "उद्या ये गं," असं सांगून ती पाठवायची आणि उद्याही डोकं दुखायचं. मग वाट्या यायच्या कमी झाल्या. मी तोंडी परीक्षांच्या गडबडीत होते. शिवाय टाकीतलं पाणी काचेसारखं होतं आणि मी त्यावर खूश होते.

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा एक मासळीवाली मावशी येते, भांडुपच्या कोळीवाड्यातली. तीस वर्षं येते. पाटी उतरवून ती जिन्यातच बसते आणि आई समोर स्टुलावर. त्या दोघींचं भांडण ऐकायला पूर्वी लहान मुलं जमायची. त्या दिवशी मला सुट्टी होती. आई दोन वाटे कोळंबी घेऊन आत गेली. मी मावशीला पाणी द्यायला बाहेर आले, तर तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बाय, तुझ्या आईला वास येत नाय."

"म्हणजे?"

तिनं पाटीतल्या एका पिशवीकडे बोट केलं. "ही सोललेली कोळंबी कालची हाय. खराब. मांजरांना काढून ठेवलेली. तुझ्या आईनं तीच उचलली, नाकाला लावली नि बोलली, छान हाय, दे. मी काय बोलली नाय. हळूच बदलून दुसरी दिली." मावशीचे डोळे भरले होते. "तीस वरसं माझ्या पाटीतला मासा परत फेकत आलीय ही. आज फेकला असता ना, मला बरं वाटलं असतं. मी सांगितलं असं बोलू नको तिला."

मी आत आले. आई मोरीशी कोळंबी धुत होती. टाकीतलं पाणी लख्ख होतं, मासे हवेत तरंगल्यासारखे दिसत होते, आणि फिल्टरमध्ये माझी काळी पुरचुंडी होती. त्या क्षणी मला सगळं उलगडलं. पाण्याला वासच नसला, म्हणजे तो आईला येत नाही हे कुणाला कळणार? घरात रोज सकाळी तिच्या नाकाची परीक्षा घेणारी एकच गोष्ट होती, आणि ती तिनं माझ्याच हातून बंद करवून घेतली होती. मी जिलेबी खात होते तेव्हा. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"आई, कधीपासून?" मी विचारलं.

तिनं नळ बंद केला. काय कधीपासून, असं तिनं विचारलं नाही. हात पदराला पुसले, येऊन टाकीसमोरच्या स्टुलावर बसली.

"तापापासून. माका वास येणा नाय गो. कशाचोच."

"मग सांगायचं नाही मला?"

"सांगून काय? सगळ्यांना कळलं असतं. मग कोण येणार माझ्याकडे?" ती माशांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "स्वयंपाक तू पण करतेस. बाजार फोनवरून येतो. ह्या एका गोष्टीसाठी लोक मला विचारायचे. ती पण गेली तर मी घरात आहे कशाला?"

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि रडले. तिनंच मला उगी उगी केलं. कोळंबीच्या हातानंच डोक्यावरून हात फिरवत होती. त्या हाताला वास येत होता, मला.

मुलुंडच्या नाकाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नाकात बिघाड नाही, तापानं आतल्या नसा दुखावल्यात. परत येईल का? येईल, कदाचित पूर्ण, कदाचित थोडा, कदाचित नाहीच. औषधापेक्षा सराव करा. लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब, चार गोष्टी सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, आणि हुंगताना तो वास मनात आठवायचा. आईनं सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "डॉक्टर, आणि माशांच्या टाकीचं पाणी चालेल का?" डॉक्टर हसून चालेल म्हणाले.

घरी आल्यावर मी आधी पुरचुंडी उपसली. आज कुणी मला विचारलं की गोड्या पाण्याच्या टाकीत कार्बन घालावा का, तर मी दोन्ही पार्ट्यांचं म्हणणं प्रामाणिकपणे सांगते. आमच्या घरापुरता निकाल मात्र लागला. पाण्याला वास असायलाच हवा होता. पुरचुंडी वाळवून मी चपलांच्या कपाटात टांगली, तिथे तिचा खरोखर उपयोग होता.

मग सराव सुरू झाला. चार वाट्या आणि पाचवी टाकी. आई हुंगायची, मान हलवायची, आणि मग मला पुढे करायची. "तू सांग, मला आठवायचंय." मी वास घेऊन म्हणायचे, छान आहे. ती चिडायची. "छान हा काय वास झाला? नीट सांग. ओल्या मातीचा की शेवाळाचा? शेवाळाचा असेल तर विहिरीच्या कडेचा की पायरीवरचा?" मला फरक कळायचा नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली मी, मला सत्तरी ओलांडलेल्या आईनं हुंगायला शिकवलं. दोन महिन्यांत मला कळायला लागलं की मासे जास्तीचा खाऊ तसाच सोडतात तेव्हा पाण्याला आंबूस वास येतो आणि पान कुजलं की कडवट. मी सांगायचे, ती डोळे मिटून ऐकायची.

तिनं बिल्डिंगलाही सांगून टाकलं. एक बाई दुधाची वाटी घेऊन आली तेव्हा आई म्हणाली, "माझं नाक गेलंय. हिला दे, ही शिकतेय." मी वास घेतला आणि बरं आहे म्हटलं. संध्याकाळी ते दूध फाटलं. पण बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, आमच्यापाशी हसायला.

वाईट दिवसही होते. एकदा तिनं लवंगांची वाटी केराच्या डब्यात उपडी केली. "पुरे झालं थोतांड," म्हणाली. मी लवंगा निवडून पुन्हा वाटीत भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून वाटीसमोर बसली. असे पाच महिने गेले. काही नाही.

मग मी बोर्डाच्या पुरवणी परीक्षेचे पेपर तपासायला बसले. टेबलावर गठ्ठे, डोक्यात गुण, बाकी कशाचं भान नाही. पाणी बदलायला मी दोन आठवडे विसरले. त्या रविवारी सकाळी मी टेबलाशी होते. आई नेहमीप्रमाणे वाट्या संपवून टाकीकडे गेली, झाकण उचललं. मला तिची पाठ दिसत होती. ती वाकली, आणि तशीच राहिली. इतका वेळ की मला वाटलं चक्कर आली.

"आई?"

"गो..."

"काय झालं?"

"घाण येता."

मी पेन खाली ठेवलं.

"घाण येता गो!" ती वळली. गाल ओले झाले होते आणि ती हसत होती. "कुजलेली घाण! तू पाणी बदललंस नाय मगे!"

मी धावत गेले, नाक घातलं. येत होती. ओलं फडकं दोन दिवस मोरीत पडून राहावं तशी, थोडीशी. मी लवंग आणली, तिनं हुंगली, मान हलवली. लिंबू, तेही नाही. पुन्हा टाकीवर वाकली आणि लहान मुलीसारखी मान डोलावली. तेवढा एकच वास परत आला होता, माझ्या निष्काळजीपणाचा. आम्ही दोघी एकमेकींना धरून टाकीसमोर उभ्या होतो, हसत होतो की रडत होतो ते मला आजही सांगता येणार नाही.

मग मला माशांची आठवण झाली. बादली आणली, पाणी उपसायची नळी आणली, बाह्या वर केल्या. आजवर पाण्याला जरा वास आला की जिनं मला चहाचा कप अर्धा टाकून उठवलं होतं, तिनं माझं मनगट धरलं.

"आज नको," आई म्हणाली. "आजचो दिवस राहू दे गो जरा."

तिनं स्टूल ओढलं, झाकण उघडंच ठेवलं आणि टाकीजवळ बसली.